वॉरंटी संपली म्हणून इंजिनची जबाबदारी संपते का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाडीची वॉरंटी संपल्यावर इंजिन गेलं तर सगळा खर्च मालकाचाच, त्यात बोलण्यासारखं काही नाही, हे आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांनी मान्य करून टाकलंय. शोरूमवाल्यांचं सोडा, पण नातेवाईक, ऑफिसातले, सोसायटीतले सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, वॉरंटीत होती का, आणि नाही म्हटलं की लगेच ‘मग काय, भरा आता’. माझं म्हणणं असं आहे की हे मान्य करायचं काही कारणच नाही. वॉरंटी हा कंपनीने स्वतःच्या सोयीने ठरवलेला शब्द आहे, कायदा त्याच्या पुढे जातो, आणि जो पार्ट कंपनीनेच कधी बदलावा लागत नाही म्हणून विकला तो चौथ्या वर्षी तुटला तर कॅलेंडर दाखवून हात झटकता येत नाहीत. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर माझी रडकथा कापा पण कायद्याचा भाग ठेवा ही विनंती.

गाडी घेताना बाकी सगळे हिशेब लांबचे असतात बघा. आरटीओ आरसी देतं १५ वर्षांची. रोड टॅक्स सरकार एकरकमी घेऊन मोकळं होतं, महाराष्ट्रात डिझेल गाडीला १० लाखांच्या आत १३ टक्के आणि १० ते २० लाखांना १४ टक्के, म्हणजे माझ्यासारख्याने दीड लाखाच्या वर पहिल्याच दिवशी भरले कारण गाडी १५ वर्षं चालणार असं सरकारने धरलंय. बँक ७ वर्षांचं लोन देते, तिनेही धरलंय की ७ वर्षं तरी गाडी धडधाकट राहील. फक्त जिने गाडी बनवली ती कंपनी म्हणते ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. आणि हे ‘जे आधी होईल ते’ पण मजेशीर आहे, कमी चालवणाऱ्याची वर्षं आधी संपतात, जास्त चालवणाऱ्याचे किलोमीटर आधी संपतात, कुणीही कशीही चालवा, सुटका कंपनीचीच. माझे हप्ते अजून चालू आहेत, वॉरंटी केव्हाच गेली.

गाडी २०२१ च्या दसऱ्याला घेतलेली डिझेल एसयूव्ही, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे आणि तसंही मुद्दा एका कंपनीचा नाहीये. दुसऱ्या वर्षापासून सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की दोन-चार सेकंद खडखड आवाज यायचा आणि मग जायचा. सर्व्हिसला दिली की मी सांगायचो आणि सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणायचा सर डिझेल आहे, थोडा आवाज राहणारच. सगळ्या सर्व्हिस कंपनीच्याच वर्कशॉपला, ऑइल त्यांचंच, फिल्टर त्यांचेच, बिलं सगळी फाईलला लावलेली.

मग गेल्या वर्षी मार्चमध्ये, म्हणजे वॉरंटी संपून जेमतेम सहा महिने होत होते, पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात चढावर तिसऱ्या गिअरमध्ये एकदम खाडकन आवाज झाला आणि इंजिन बंद. मागे भरलेला ट्रक. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत पण बंद होते, आधीचा साठा एक-दोन दाबात संपतो आणि मग पेडल दगड होतं, सगळं वजन टाकून उभं राहिलं तरी गाडी मागे सरकायला बघते. हँडब्रेक ओढला, मिसेसने उतरून चाकामागे दगड लावला, ट्रकवाला भला माणूस, त्याने अंतर ठेवलं होतं म्हणून हे पत्र लिहितोय. हा प्रसंग मुद्दाम सांगतोय कारण पुढे रिकॉलबद्दल, म्हणजे कंपनीने सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करून देण्याबद्दल, लिहायचंय तिथे तो लागणार आहे.

वर्कशॉपने क्रेनने गाडी नेली आणि उघडायच्या आधीच एस्टिमेट दिलं, पूर्ण इंजिन असेंब्ली, पार्ट, लेबर, जीएसटी धरून चार लाखांच्या वर. तेव्हा इंजिनच्या पार्टला २८ टक्के जीएसटी होता, आता सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय, तेवढाच दिलासा. उघडून बघायचे वेगळे पैसे आणि त्याच्यावर सही आधी. मी म्हटलं सही करतो पण उघडताना मी समोर असणार आणि निघालेला प्रत्येक पार्ट माझा, तसं जॉबकार्डवर लिहा. फ्लोअर सुपरवायझरला आवडलं नाही, पण लिहिलं.

हेड उतरवल्यावर जे दिसलं ते सांगतो. क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, दोन फेरे मारतो तेव्हा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, एक फेरा मारतो आणि दोघांचा मेळ ठेवते ती टाइमिंग चेन. चेन ताणून धरायला टेन्शनर असतो, तो ऑइलच्या प्रेशरवर काम करतो, म्हणून टेन्शनर नीट धरत नसेल तर रात्रभर उभ्या गाडीत सकाळी ऑइल पोचेपर्यंत चेन सैल असते आणि खडखडते, म्हणजे मी दोन वर्षं सांगत होतो तो आवाज हाच. चेन ज्या प्लास्टिकच्या पट्टीवरून घासत जाते ती गाइड तुटलेली, तिचे तपकिरी तुकडे खाली ऑइलच्या सम्पमध्ये, नखाने दाबला की बिस्किटासारखा मोडत होता एकेक. चेन दात सोडून पुढे उडी मारून गेली, व्हॉल्व्ह उघडे असताना पिस्टन वर आले आणि आपटले. चारही पिस्टनच्या डोक्यावर अर्धचंद्रासारख्या खुणा, व्हॉल्व्ह वाकलेले, रॉकर मोडलेले. आजकालच्या डिझेल इंजिनात पिस्टन वर असताना व्हॉल्व्हला जागाच उरत नाही त्यामुळे चेन सरकली की हे होणारच, मेकॅनिकची किंवा ड्रायव्हरची त्यात काही करामत नाही.

आणि वर्कशॉपने कारण काय सांगितलं, तर ‘नॉर्मल वेअर अँड टेअर’.

इथे माझं डोकं फिरलं. कारण गाडी घेताना सेल्सवाल्याने दुसऱ्या कंपनीच्या गाडीशी तुलना करून हेच सांगितलं होतं की त्यांच्यात बेल्ट आहे, बदलावा लागतो, आपल्यात चेन आहे, लाइफटाइम. बरं त्याचं तोंडी सोडून द्या. ओनर्स मॅन्युअल उघडा, मेंटेनन्सचं कोष्टक बघा, एअर फिल्टर कधी, कूलंट कधी, ब्रेक ऑइल कधी, अल्टरनेटरचा बेल्ट कधी, सगळं किलोमीटरसकट लिहिलंय. टाइमिंग चेनचं नावच नाही. झिजणारी वस्तू असती तर कधी बदलायची ते लिहिलं असतं ना? ७० हजार किलोमीटरच्या आत जर ती झिजून तुटणार असेल तर कोष्टकात लिहा, आम्ही पैसे देऊन बदलून घेऊ, चेन किट आणि लेबर मिळून होणारा खर्च चार लाखांच्या मानाने किरकोळ आहे. बदलायची गरज नाही असंही सांगायचं आणि तुटल्यावर झिजली असंही म्हणायचं, दोन्ही एकदम कसं चालेल?

इन्शुरन्सचं लगेच सांगतो कारण प्रत्येकाने मला विचारलं. साध्या पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाऊन आणि झीज सरळ वगळलेली असते, मग तुम्ही फुल इन्शुरन्स म्हणा नाहीतर झिरो डेप (घसारा न कापणारी). इंजिन प्रोटेक्ट म्हणून जे ॲड-ऑन मिळतं ते मुख्यतः पावसाचं पाणी इंजिनात जाऊन किंवा ऑइल गळून होणाऱ्या नुकसानीसाठी, मुंबई-ठाण्याकडे पाणी तुंबतं तिथे जरूर घ्यावं, पण चेन तुटली त्याला ते चालत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटीचं पण तेच सगळे सांगतात, घ्यायला हवी होती. घ्या की, ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्या, फक्त आतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचून घ्या. पण माझ्या मते गाडी बनवणाऱ्याला स्वतःच्या इंजिनची खात्री तिसऱ्या वर्षानंतर आणखी पैसे दिल्यावरच वाटणार असेल तर तो धंदा झाला, खात्री नाही.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू झाला २० जुलै २०२० पासून. मला व्हॉट्सॲपवर चार जणांनी कलम ८४ पाठवलं, प्रॉडक्ट लायबिलिटी, उत्पादकाची जबाबदारी वगैरे. त्याच्या मागे लागू नका, कारण त्याच कायद्यात ‘हानी’ या शब्दाच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान वगळलंय. म्हणजे इंजिन फुटून माणूस जखमी झाला तर ते कलम लागू, नुसतं इंजिनच गेलं तर नाही. आपल्या कामाचं कलम म्हणजे २ मधलं पोटकलम १०, ‘दोष’ कशाला म्हणायचं ते. त्यात नुसती वॉरंटी नाहीये. करारातून, मग तो स्पष्ट असो नाहीतर गृहीत, किंवा विकणाऱ्याने कुठल्याही प्रकारे केलेल्या दाव्यातून जो दर्जा अपेक्षित आहे त्यात कमतरता असेल तर तो दोष. कुठल्याही प्रकारे केलेला दावा, हे शब्द लक्षात ठेवा, ब्रोशर, जाहिरात, मॅन्युअलचं कोष्टक सगळं त्यात बसवता येतं. दुसरा कायदा त्याहून जुना, १९३० चा वस्तू विक्री कायदा, त्याच्या कलम १६ मध्ये वस्तू विकण्यालायक दर्जाची असली पाहिजे ही अट गृहीत धरलीये आणि पुढे असंही म्हटलंय की लेखी वॉरंटी दिली म्हणून ही गृहीत अट आपोआप रद्द होत नाही. माझ्या वकिलांनी हे दाखवलं तेव्हा मी दोनदा वाचलं. म्हणजे वॉरंटीची तारीख संपणं आणि वस्तू सदोष असणं हे दोन वेगळे विषय आहेत, दुकानदार मुद्दाम ते एक करून सांगतो.

याचा अर्थ कोर्टात गेलं की नवी गाडी मिळते असा पण नाही. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका कारच्या प्रकरणात सांगितलंय की वॉरंटीत सदोष पार्ट बदलून द्यायचं म्हटलं असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. तेव्हा भावनेच्या भरात ‘नवी गाडी किंवा पूर्ण पैसे परत’ अशी मागणी लिहू नका, दुरुस्तीचा खर्च, त्या काळातलं भाडं, मनस्ताप असं लिहा. आणि दोष होता हे सिद्ध आपल्यालाच करावं लागतं. कलम ३८ मध्ये आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो अशी सोय आहे, पण तोपर्यंत गाडी वर्कशॉपच्या अंगणात सडत ठेवणं कुणाला परवडतंय? म्हणून मी आधी स्वतंत्र ऑटोमोबाईल इंजिनिअर आणला, त्याने फोटो, मापं, तुकडे सगळं नोंदवून रिपोर्ट दिला, कंपनीला रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने कळवलं की अमुक तारखेपर्यंत तुमचा माणूस पाठवून पार्ट बघून घ्या, त्यानंतर दुरुस्ती करणार. कुणी आलं नाही. कंपनीला पाठवलेलं ते पत्र आता फाईलमध्ये आहे आणि वकील म्हणतात रिपोर्टइतकंच ते महत्त्वाचं.

तक्रार जिथे आपण राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, कंपनीचं ऑफिस चेन्नईला असो की गुरुग्रामला. ५० लाखांपर्यंत किंमत मोजली असेल तर जिल्हा आयोग, १० ते २० लाखांच्या वस्तूला फी ४०० रुपये. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत गेलं पाहिजे. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा, कधीकधी तिथूनच कंपनी हलते. टुरिस्ट गाडी चालवणाऱ्यांना वाटतं आपण धंदेवाले, आपल्याला हा कायदा नाही, तर तसं नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर तुम्ही पण ग्राहकच. निकालाला वेळ लागतो हे खरं, कायद्यात ३ महिने आणि तपासणी लागली तर ५ महिने लिहिलंय, त्यावर हसायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

माझ्या बाजूने सगळ्यात कामाला काय आलं सांगू का, एक जॉबकार्ड. फाईल चाळताना दुसऱ्या वर्षाच्या सर्व्हिसचं जॉबकार्ड सापडलं, त्यावर ग्राहकाची तक्रार या रकान्यात प्रिंटेड अक्षरात होतं, सकाळी स्टार्ट करताना इंजिनचा आवाज, आणि समोर शेरा, तपासलं, नॉर्मल आहे. वर्कशॉपचा शिक्का, तारीख वॉरंटी संपायच्या कितीतरी आधीची. तोपर्यंत कस्टमर केअरची बाई एकच वाक्य बोलत होती, आपल्या गाडीची वॉरंटी समाप्त झाली आहे. हा कागद ईमेलला लावल्यावर आठवड्यात एरिया मॅनेजरचा स्वतःहून फोन, सर आपण काहीतरी मार्ग काढू.

मार्ग म्हणजे ‘गुडविल’. पार्टच्या किमतीत २५ टक्के कंपनी देणार, लेबरचे पैसे मीच भरायचे, आणि त्याबदल्यात एका पत्रावर सही की हे पूर्ण आणि अंतिम समजून यापुढे कुठलीही मागणी करणार नाही. चार लाखांचं बिल करून त्यातले पाऊण लाख कमी करायचे आणि त्याला म्हणायचं सदिच्छा! ज्यांना गाडी लगेच हवी, कोर्ट-कचेरी नको, त्यांनी ही ऑफर जरूर पदरात पाडून घ्यावी, आणि पहिल्या आकड्याला हो म्हणू नये, घासाघीस होते, ५० टक्क्यांपर्यंत गेलेले लोक मला नंतर भेटले. मी सही केली नाही कारण आवाजाची तक्रार लेखी असताना नॉर्मल म्हणून परत पाठवणारे हेच होते.

दुरुस्ती शेवटी बाहेर केली. एमआयडीसीतला जुना मेकॅनिक, त्याने हेड मशीनशॉपला पाठवलं, फेसिंग, प्रेशर टेस्ट, सीट कटिंग, नवे व्हॉल्व्ह, रॉकर, दोन पिस्टन, बेअरिंग, चेन किट पूर्ण ओरिजिनल, सगळं मिळून दीड लाखाच्या थोडं वर. क्रँकला काही झालेलं नव्हतं, ब्लॉक एकदम शाबूत. मग चार लाखांची असेंब्ली कशाला? त्याचं उत्तर मेकॅनिकने दिलं, साहेब त्यांच्याकडे उघडून बसवणारा माणूसच राहिला नाही, पेटीतून काढायचं आणि बसवायचं. त्याच्या बोलण्यात थोडा धंद्याचा राग असेल, पण खर्चातला फरक माझ्यासमोर होता. तिसरा रस्ता म्हणजे ॲक्सिडेंटच्या गाडीतलं जुनं इंजिन आणून बसवणं, स्वस्त पडतं, पण मग इंजिन नंबर बदलतो, आरटीओत जाऊन आरसीवर चढवून घ्यावा लागतो, इन्शुरन्सला कळवावं लागतं, आणि ते इंजिन कुठून आलं त्याचं बिल नसेल तर उद्या पोलिसांपुढे तुम्ही उभे. मी त्या वाटेला गेलो नाही.

बाहेर काम केलं म्हणून बाकीची वॉरंटी गेली अशी धमकी पण ऐकायला मिळते, विशेषतः वॉरंटीतल्या लोकांना, त्यांच्यासाठी सांगतो. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, कारण स्पेअर पार्ट खुल्या बाजारात मिळू न देणं आणि बाहेरच्या गॅरेजवाल्यांना अडवणं. पुढे अपिलं झाली तो भाग वेगळा, पण त्या आदेशात हेही होतं की बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या कामामुळे जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच. दहा वर्षं होऊन गेली तरी वर्कशॉपच्या काउंटरवर हा आदेश पोचलेला दिसत नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने दुरुस्तीचा हक्क म्हणून पोर्टल पण काढलंय, त्यात गाड्यांचाही समावेश आहे.

आता जे सगळ्यात खटकलंय ते. नवं चेन किट आलं तेव्हा मेकॅनिकने जुना टेन्शनर आणि नवा टेन्शनर शेजारी ठेवले. बाहेरून सारखेच, पण नव्याच्या बॉक्सवरच्या स्टिकरवर पार्ट नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं आणि नव्याच्या गाइडचं प्लास्टिक पण वेगळ्या रंगाचं, जाड. म्हणजे मधल्या काळात कंपनीने तो पार्ट बदललाय. का बदलला? कंपनीने लेखी उत्तर दिलंय की हा नेहमीच्या सुधारणेचा भाग आहे. असेलही. नंबर बदलला म्हणजे जुना सदोषच होता असं मी म्हणत नाही, पण प्रश्न विचारायचा हक्क तर आहे ना? कुठल्या तारखेपर्यंतच्या गाड्यांत जुना पार्ट आहे, त्यातल्या किती परत आल्या, डीलरना याबद्दल काय पत्रक गेलं. अशी पत्रकं कंपन्या डीलरला पाठवत असतात, अमुक आवाज आला तर अमुक बदला वगैरे. अमेरिकेत ही पत्रकं सरकारी वाहनसुरक्षा संस्थेकडे द्यावी लागतात आणि त्यांच्या वेबसाइटवर कुणीही वाचू शकतो. आपल्याकडे ॲडव्हायझरच्या कॉम्प्युटरवर ते दिसतं आणि आपल्याला सांगतात नॉर्मल आहे.

माहिती उघड झाली की काय होतं याची उदाहरणं आहेत. युरोपात स्टेलांटिस या कार कंपनीच्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनात ऑइलमध्ये चालणारा टाइमिंग बेल्ट झिजून त्याचा भुगा ऑइलच्या जाळीत अडकायचा, बोंबाबोंब झाल्यावर २०२४ मध्ये कंपनीने संरक्षण १० वर्षं किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंत वाढवलं. ह्युंदाई-कियाच्या थीटा २ इंजिनात बेअरिंग जायचे, रिकॉल झाले, ग्राहकांनी एकत्र दावे लावले, आणि २०१९ मध्ये अमेरिकेत आणि कोरियात त्या इंजिनांना आजीवन वॉरंटी द्यायची तयारी कंपन्यांनी दाखवली. वॉरंटीची तारीख म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, दबाव आला की तीच तारीख वाढवता येते. ब्रिटनमध्ये तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात वस्तू वाजवी काळ टिकली पाहिजे हे दर्जातच धरलंय आणि इंग्लंडमध्ये ६ वर्षांपर्यंत दावा करता येतो.

तेवढं लांब कशाला, आपल्याच रेरा कायद्यात बघा. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत इमारतीच्या बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. बिल्डर लोकांना सरकारने ही जबाबदारी घ्यायला लावली तेव्हा त्यांनी पण आरडाओरडा केला होता, धंदा बंद पडला नाही कुणाचा. मग इंजिन, गिअरबॉक्स अशा पोटातल्या पार्टसाठी कार कंपन्यांना तसाच नियम का नको? वायपर, क्लच प्लेट, ब्रेक पॅड कुणी मागत नाहीये.

रिकॉलची सोय आपल्याकडे आहे. मोटर वाहन कायद्यात कलम ११० अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, गाडी ७ वर्षांच्या आतली असेल तर मालक परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर दोष नोंदवू शकतो आणि ठराविक संख्येच्या वर तक्रारी गेल्या की चौकशी. पण अट अशी की दोष पर्यावरणाला किंवा माणसांच्या सुरक्षेला धोका करणारा हवा. म्हणून घाटातला प्रसंग सांगितला. चढावर इंजिन बंद, ब्रेक दगड, मागे ट्रक, याला सुरक्षा नाही तर काय म्हणायचं? मी नोंद केली आहे. एकट्याच्या तक्रारीने काही होत नाही, संख्या लागते, आणि बहुतेक लोकांना असं पोर्टल आहे हेच माहीत नाही, ते वर्कशॉपशी भांडतात, पैसे भरतात आणि गप्प बसतात.

तेव्हा आपल्या पेपरमार्फत परिवहन मंत्रालयाला आणि ग्राहक व्यवहार खात्याला विचारावंसं वाटतं की मोठ्या पार्टचं अपेक्षित आयुष्य कंपन्यांनी किलोमीटरमध्ये मॅन्युअलवर छापायची सक्ती का नाही, डीलरना जाणारी पत्रकं गाडीमालकाला का दिसत नाहीत, आणि नकार देताना ‘वेअर अँड टेअर’ एवढंच न लिहिता कोणता पार्ट कशामुळे गेला हे सही-शिक्क्यानिशी द्यायची सक्ती का नाही. आणि वाचकांपैकी ज्यांच्या गाडीला सकाळी स्टार्टला खडखड येते आणि वॉरंटीचे दिवस अजून उरलेत, त्यांनी ॲडव्हायझरच्या तोंडी आश्वासनावर न जाता ती तक्रार जॉबकार्डवर आपल्यासमोर टाइप करून घ्यावी, त्याची प्रत ईमेलवर मागवावी, आणि शेरा नॉर्मल असा आला तर तोही जपून ठेवावा.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा